किल्ल्या

जून सरता सरता रुवीतली आमची इमारत
दात पडलेल्या पोरासारखी दिसू लागते.
शाळा सुटतात, तिकिटं महागतात,
एकेक मजला विमानतळाच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

मला यंदाही रजा नाही.
म्हणून किल्ल्या माझ्याकडे.

घाडीगावकरांची पितळी, तिला लाल दोरा.
मुकादम भाभींची, सोबत पाठपोट लिहिलेली चिठ्ठी:
सिलिंडर बंद केलाय, तरी एकदा बघ.
एसी अठ्ठावीसवर असू दे, नाहीतर कपाटं बुरसतात.
मोरीत तांब्याभर पाणी ओतत जा,
जाळी सुकली की झुरळं वर चढतात.
खाली सोन्याविषयी एक ओळ, लिहून खोडलेली.
खोडलेलंच आधी वाचलं जातं.

सिंथिया तुस्कानोनं नुसती किल्ली दिली.
"तुला काय सांगायचं," म्हणाली.
ती सगळ्यांत जड.

हॉस्पिटलातून सुटले की मी दिवे लावत फिरते.
आज हॉल, उद्या स्वयंपाकघर, परवा मुलांची खोली.
रोज तोच दिवा, तीच वेळ, असं करायचं नसतं;
पाहणाऱ्याला पाठ होतं.
घाडीगावकरांच्या बाल्कनीत एक टॉवेल वाळत घालते,
दुसऱ्या दिवशी काढते, पुन्हा घालते.
तो कोरडाच असतो.
दारांच्या कड्यांत खोचलेली पत्रकं काढते:
बिर्याणी, ड्रायव्हिंग शिका, मुंबईला पार्सल किलोच्या दरानं.
साचलेला कागद म्हणजे
आत कोणी नाही अशी पाटीच.

इतक्या वर्षांत चोर एकदाही आला नाही.
आला तो उकाडा.
जुलैच्या मध्यात भाभींचा फ्रीज बंद पडला,
दार उघडताच वासानं सांगितलं.
सुरमईचं लाल पाणी फरशीभर.
नाकाला ओढणी बांधून पुसलं, दोनदा फिनेल,
आणि त्या रात्री भाभींना लिहिलं, सगळं ठीक.
श्रीवर्धनला लेकीचं लग्न ठरत होतं त्यांच्या.

कधी कधी काम संपल्यावरही मी निघत नाही.
सिंथियाच्या सोफ्यावर बसते, तिचा टीव्ही लावते,
आवाज जिन्यात ऐकू जाईल इतका.
ती म्हणाली नव्हती तसं करायला.
कॅलेंडरचं पान उलटते.
घर बंद आहे हे
घराला कळू द्यायचं नसतं.

गडहिंग्लजला माझाही एक फ्लॅट आहे,
पाच हप्ते राहिलेत.
त्याची किल्ली हेमलता पाटण्यांकडे.
दर रविवारी त्या दिवा लावतात,
रस्त्यावर येऊन खिडकीचा फोटो काढतात, मला पाठवतात.
मी तो बोटांनी मोठा करते.
पडद्यामागे कोणीतरी आहे असं वाटतं.
चोरालाही वाटत असेल.

ऑगस्ट संपला. बॅगा आल्या, काजू आले, कोकम आलं,
भाभींनी मांडवाचे फोटो दाखवले.
एकेक किल्ली ओंजळीतून गेली.
लाल दोरा तेवढा माझ्याकडे राहिला, कसा कोण जाणे.

खाली नवा वॉचमन, सिराजुल,
जूनमध्येच लागलेला, बाकावर चहा पीत होता.
बोटानं वर दाखवत म्हणाला,
"मॅडम, सब लोग आ गया. वो चारसौ दो वाला कब आएगा?
दो महीना अंधेरा है."

चारशे दोन म्हणजे मी.

वर आले. माझ्या कडीत सात पत्रकं,
सगळ्यांत आतलं उन्हानं पिवळं पडलेलं.
मोरी सुकलेली.
मी हॉलमधला दिवा लावला,
चप्पल घातली, जिने उतरले,
रस्ता ओलांडून
पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले
आणि बराच वेळ वर बघत होते.